काठी पाह्य

"बंद कर! आधी बंद कर ते!"

जफरभाई ओरडले तेव्हा मी दुकानात नटबोल्टचे डबे लावत होते. बाहेर पाहिलं तर समोरचा रस्ताच दिसेना. सगळा निळा धूर, आणि त्या धुरात उभा अमरसिंगचा ट्रक. मी पदर नाकाला लावला आणि म्हटलं, "अरे बापा, माह्ये गिऱ्हाइकं मारता का?" गिऱ्हाईक एकही नव्हतं, पण ओरडायला काय जातं.

पांढरकवड्याबाहेर, हैदराबादच्या हमरस्त्याला लागून जफरभाईंचं गॅरेज आहे आणि त्याला चिकटून माझं स्पेअर पार्टचं दुकान. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, प्रभावती, विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. मी विकलं नाही. बेअरिंग आणि बुश यांतला फरक मला नीट कळतो, आणि उधारीवाल्याला कसं हाकलायचं तेही कळतं.

अमरसिंग खाली उतरला. त्याच्यामागून केबिनची दांडी धरत त्याची म्हातारी आई उतरली, सुखीबाई. त्यांच्या बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. विटकी ओढणी डोक्यावर नीट घेऊन ती माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसली. मी चहा विचारला तर तिनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. मी आणून ठेवला.

"चाचा, मी दुरुस्तीले नाही आलो," अमरसिंग म्हणाला. "उद्या सकाळी भंगारवाला तांड्यावर येऊन राह्यला. याडीनं हट्ट धरला. म्हणे, ज्यानं इंजिन बांधलं त्यालेच एक डाव दाखव. तुमीच सांगा तिले, मेलं म्हणून."

"मेलं?" जफरभाईंच्या कपाळाची शीर उठली. "म्या बांधलेलं इंजिन मेलं काय? कोणी सांगतलं बे तुले?"

सगळ्यांनीच सांगितलं होतं, हे जफरभाईंनाही ठाऊक होतं. अमरसिंगचा बाप लखीरामदादा जिवंत असताना जफरभाईंनी ते इंजिन पुरतं खोलून नव्यानं बांधलं होतं. पिस्टनवर तेल अडवणाऱ्या रिंगा माझ्याच दुकानातल्या. दादा होता तोवर ट्रक तक्रार करत नव्हता. दादा गेला आणि ट्रक तेल प्यायला लागला. आज टाकावं, परवा पुन्हा तळ. हमरस्त्यावरच्या प्रत्येक धाब्यावर एकच बोलणं, जफरनं रिंगा खोट्या टाकल्या. म्हणजे मीही त्यात आलेच की! अमरसिंगनं येणं बंद केलं. समोरून गेला तर मान दुसरीकडे.

त्यात ते वर्ष कापसाचं वाईट. बोंडांपेक्षा बोंबच जास्त. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांना ट्रक थोडे लागत आणि उभे राहत ढीगभर, मग जिनवाले निवडून घेत. धूर सोडणाऱ्या ट्रकाला कापसाच्या गंजीजवळ कोण फिरकू देईल? एक ठिणगी आणि सगळा खेळ खलास. अमरसिंगला फाटकावरूनच परत पाठवलं होतं. कापूस नाही तर भाडं नाही, आणि भाडं नाही तर ट्रक म्हणजे नुसतं लोखंड.

"खोला मग इंजिन," मी म्हटलं. "रिंगा आहेत माह्याजोळ."

"वहिनी, तुमचं दुकान चालावं म्हणून मी ह्याचं पोट फाडू काय?" जफरभाई माझ्यावरच खेकसले. "आधी मले कळू द्या, तेल जाते कुठी. कळल्याबिगर मी पाना लावत नाही."

हा माणूस असाच. पुढच्या चौकातल्या मोठ्या गॅरेजात गाडी आली की आधी इंजिन उतरवतात, मग विचार करतात. जफरभाई आधी गाडीभोवती फिरतात, वास घेतात, बोट लावून बघतात, शिव्या देतात. म्हणून तिकडे रांग आणि इकडे मी आणि ते. त्यांची बायको जोहराबी म्हणते, ह्यांचं लग्न माझ्याशी नाही, हट्टाशी झालंय.

ते ट्रकखाली शिरले. खाली एक थेंब गळत नव्हता. सिलिंडरचा दाब तपासला. एकेक करून सगळे पाहिले, सगळे सारखे आणि चांगले. "पाह्य," ते अमरसिंगला म्हणाले, "रिंगा गेल्या असत्या तर दाब इतका राह्यला असता काय? रिंगा जिवंत आहेत." इंजिन ज्या नळीतून श्वास सोडतं तिच्या तोंडाशी त्यांनी हात धरला आणि सुरू करायला सांगितलं. हात तेलानं माखला. ते हाताकडे पाहत राहिले. मग हवेची जाळी काढली, धुतली, लावली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तोच निळा धूर.

दुपार झाली. जोहराबीनं पाठवलेला डबा तसाच पडून होता. अमरसिंगचा धीर सुटला.

"चाचा, सोडा आता. तुमच्या इज्जतीसाठी माहा दिवस चालला. तेल टाकतो अन् जातो, नाही तं रस्त्यात अडकंन." तो तेलाचा डबा घेऊन इंजिनापाशी गेला. तेल मोजायची लोखंडी पट्टी त्यानं उपसली आणि जफरभाईंच्या नाकासमोर धरली. "हे पाहा! टोकाले बी लागलं नाही. सकाळीच टाकलं होतं!"

त्या पट्टीला कोणी गेज म्हणतं. लखीरामदादा तिला काठी म्हणायचा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरलेले, त्यामुळे ट्रकाशीही तो बैलाशी बोलावं तसं बोलायचा. सकाळी चहाच्या आधी झाकण उघडून काठी काढायचा, धोतराच्या सोग्याला पुसायचा, पुन्हा घालून काढायचा आणि उजेडात धरून बघायचा. मग म्हणायचा, "जेवला गडी, चाला." त्याशिवाय चावी लावायचा नाही. मी पुष्कळदा हसले आहे त्याला.

अमरसिंगनं डबा तिरपा केला.

"थांब!" जफरभाईंनी त्याचं मनगट धरलं. "थेंबभर टाकशीन तं पाह्य."

"अहो, रिकामं आहे ना!"

"रिकामं आहे तं नळीतून माह्या हातावर काय उडालं? पाणी?"

त्यांनी खाली परात ठेवली आणि तळाचा बोल्ट सोडला. तेल पडू लागलं. परात भरली, एका रिकाम्या डब्यात ओतली, पुन्हा भरली. डबा भरला तरी धार थांबेना. मी दुकानातून रिकामा कॅन आणून दिला आणि तोही भरत गेला. अमरसिंग तोंड उघडं टाकून बघत होता.

"ह्या इंजिनात तेल किती बसते ते मले माहीत आहे, म्या बांधलं," जफरभाई हळू म्हणाले. "हे त्याच्याहून कितीतरी जास्त आहे. तू गळ्यापर्यंत पाजून राह्यला त्याले. जास्तीचं उडते, जळते, धूर होते. तुले वाटते पेलं, तू अजून टाकते. इंजिन खोटं नाही बे. काठी खोटी आहे." त्यांनी पट्टी हातात घेऊन वरून खाली पाहिली. "ही आखूड आहे. ही ह्या ट्रकाची नाहीच. तेलापर्यंत पोचतच नाही, तं लागंन काय? आधीची कुठी आहे?"

"बाप गेला तवा हरवली," अमरसिंग म्हणाला. "ही भंगारातून आणली. सारखीच दिसे."

"हरवली नाही."

सुखीबाई पहिल्यांदा बोलली. बाकावरून उठली, आणि उठताना माझा खांदा धरला.

"म्या देली त्यायले," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी बोलनं बंद झालतं त्यायचं. एकच म्हने, काठी, काठी. तांड्यातले लोक म्हने, म्हातारा चालाची काठी मागून राह्यला. म्या म्हटलं, ह्यो मानूस जलमात काठी टेकून चालला नाही. मले माहीत होतं कोनती काठी. म्या ट्रकातून काढून आनली अन् नेताना कफनाखाली छातीवर ठेवली. राखेत सापडली ती नदीत सोडली. कोनाले सांगतलं नाही. लोक हासले असते."

कोणी हसलं नाही.

"याडी," अमरसिंग म्हणाला. "बाप काठी मागत नव्हता. मी उशाशी होतो. तो माह्याकडं पाहून म्हने, काठी पाह्य. काठी पाह्य." तो तिथंच चाकाला टेकून खाली बसला. "मले वाटलं, भ्रमात आहे."

सुखीबाई मग तोंडात ओढणी कोंबून रडली. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. लखीरामदादाला मी किती हसले होते त्या काठीवरून!

जफरभाईंनी डोळे बाहीला पुसले आणि लगेच शिवी हासडली, कोणाला ते कळलं नाही. "भाभी, तुमी काही चुकीचं नाही केलं. त्याची होती, त्याच्यासंगं गेली. आता आपण दुसरी बनवू." ट्रकाखालच्या एका जुन्या कमानपाट्याची पोलादी पट्टी त्यांनी शोधली, तापवून सरळ केली, घासून पातळ केली. वरची कडी त्या आखूड पट्टीची काढून हिला जोडली. मग इंजिनात मोजून तेल ओतलं, ते निथळून खाली बसेपर्यंत आम्हा सगळ्यांना गप्प बसवलं, आणि पट्टी बुडवून तेल जिथं लागलं तिथं कानशीनं एक खाच पाडली. खाच बारीक आली म्हणून पुन्हा घासली. अंधार पडायच्या आत इंजिन सुरू झालं. आधी निळा धूर आला, भरपूर आला. अमरसिंगचा चेहरा पडला. "साचलेलं जळून राह्यलं, थांब ना बे!" जफरभाई ओरडले. धूर विरळ झाला, करडा झाला, आणि मग मागचं कडुनिंबाचं झाड स्पष्ट दिसायला लागलं.

मायलेक रात्री गॅरेजातच थांबले. जोहराबीनं भाकऱ्या पाठवल्या. सकाळी तांड्यावर ट्रक दिसला नाही म्हणून भंगारवाल्याचा फोन माझ्या दुकानातल्या नाणं टाकायच्या फोनवर आला. मी म्हटलं, "कोन अमरसिंग? तो तं जिनिंगले गेला." गेला नव्हता अजून, निघत होता.

तो केबिनमध्ये चढायला लागला तशी सुखीबाईनं हाक मारली. तिनं स्वतः पुढे होऊन पट्टी उपसली. पुसायला फडकं शोधलं नाही, आपल्या ओढणीचं टोक घेतलं आणि वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. पुन्हा आत घातली, काढली. तिला त्या खाचेतलं काही दिसत नव्हतं, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं पट्टी तशीच उजेडात लेकापुढं धरली.

"पाह्य," ती म्हणाली.

अमरसिंग खाली उतरला. वाकून त्यानं पाहिलं, नीट पाहिलं, खाचेवर बोट ठेवून पाहिलं.

"जेवला गडी, याडी," तो म्हणाला. "चाला."

ट्रक गेला तरी सुखीबाई रस्त्याकडे बघत उभी होती. ओढणीच्या टोकाला तेलाचा लांब काळा पट्टा उठला होता. मी म्हटलं, "आणा इकडे, साबणानं निघंन." तिनं ते टोक मुठीत धरलं आणि नको म्हणाली.