दोन-आठ-दोन

“आधी चाकं मोजायची. नाव मागनं.”

अप्पांचा तो जुना, कोळशानं खरखरलेला आवाज भाग्यलक्ष्मीच्या कानात होता, आणि समोर तेच अप्पा टेबलाच्या कडेवर बोटं टेकवून मोजत होते. आधी चार. मग सहा. मग दोन. मोजताना त्यांची नजर आपल्या मुलाच्या, यशोवर्धनच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

“अज्जा, इवरु यारु?” पवित्रानं पुन्हा विचारलं. समोरचा माणूस कोण, एवढंच तिला हवं होतं.

“पॅसिफिक,” अप्पा म्हणाले.

पवित्राचं पेन थांबलं. यशोवर्धननं मान खाली घातली. “झालं,” तो पुटपुटला.

सर्जापूर रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या ह्या वृद्धाश्रमात दोन विभाग होते. एकाला बाग, दार दिवसभर उघडं. दुसऱ्याला कुलूप. अप्पा आपल्या माणसांना ओळखतात की नाही, त्यावरून त्यांना कुठं ठेवायचं ते आज इथले प्रवेश बघणारी पवित्रा ठरवणार होती. गेल्या महिन्यात ते पहाटे घरातून निघून गेले आणि रुळांवरून चालताना सापडले. तेव्हापासून भाग्यलक्ष्मीची झोप आणि तिच्या भावाचा धीर, दोन्ही संपलं होतं.

“चुकले नाहीत ते,” भाग्यलक्ष्मी हळूच कन्नडमध्ये म्हणाली. “वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. पुढं चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागं दोन, अशा इंजिनाला पॅसिफिक म्हणतात. मेलगाडीचं इंजिन. हा पाळण्यात पाय झाडायचा ते बघून अप्पांनी बारशालाच ते नाव ठेवलं.”

“घरात सगळ्यांनाच ठेवली होती,” यशोवर्धन सावरून बसला. “आजोबा मोगल, दोन-सहा-शून्य. म्हैसूरची काकू अटलांटिक.”

“काकू का अटलांटिक?”

“दिसायला ऐटबाज. चढ आला की दम.”

अप्पांच्या ओठांच्या कडा हलल्या. पवित्रालाही हसू आलं. तिनं कागदावर खूण केली. “सरी, बरोबर. मुलगा ओळखला.” मग पेनाचं टोक भाग्यलक्ष्मीकडे वळलं. “आणि अज्जा, ह्या?”

भाग्यलक्ष्मीनं पदर मुठीत धरला. ती थोरली, पण घरात नाव न मिळालेली ती एकटीच. लहानपणी अप्पा शेडमधून आले की ती मोरीच्या दाराशी उभी राहून विचारायची, आणि कोपरापर्यंत साबण लावत ते म्हणायचे, तुझं बघू गं. पुढं तिनं विचारायचं सोडलं.

अप्पांची बोटं टेकली. दोन. आठ. दोन.

“मिकाडो,” ते म्हणाले. किती मऊ म्हणाले.

“बघा!” यशोवर्धन खुर्चीतून अर्धा उठला. “ओळखलं. लिहा मॅडम.”

मिकाडो म्हणजे मालगाडीचं इंजिन, अख्खी रांग घाटावर ओढून नेणारं. ते नाव आईचं होतं. यशोवर्धनलाही ते ठाऊक होतं. त्यानं पवित्राला कळू नये म्हणून मराठीत, ओठ न हलवता म्हटलं,

“अक्का, स्वल्प गप्प बस. बाग मिळेल त्यांना.”

तिनं मुठीतला पदर सोडला नाही.

“तुझ्या तुळशीला मी समजावतो. एक दिवस खोटं चालतं म्हणावं.”

रोज सकाळी तुळशीपुढं हात जोडून ती तेवढं एकच म्हणायची: आज खोटं बोलवू नकोस. भावाला त्याची मजा वाटायची. आज त्याच्या आवाजात मजा नव्हती.

“बरोबर आहे ना?” पवित्रानं विचारलं.

काचेपलीकडे बागेत एक म्हातारे गृहस्थ नळी धरून जास्वंदीला पाणी घालत होते. कोणी त्यांच्यावर लक्ष ठेवून नव्हतं. भाग्यलक्ष्मी त्यांच्याकडे बघत राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “मिकाडो माझी आई. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली.”

यशोवर्धननं कपाळावर हात मारून घेतला. पवित्राचं पेन कागदावर खाली सरकलं.

तेवढ्यात अप्पांनी वाकून भाग्यलक्ष्मीचं मनगट धरलं.

“मिकाडो, ऐक. थोरली आली असेल. डबा घेऊन फाटकाशी उभी राहते. आत ये म्हटलं तरी येत नाही, वाफेला भिते.”

“हं,” ती म्हणाली.

“तिचं नाव राहिलंय माझ्याकडून. रोज बघतो. मोगल येतात, पॅसिफिक येतात. तिच्याजोगं इंजिन काही शेडला येत नाही.” त्यांनी मान हलवली. “तिला वाटत असेल, बाप विसरला.”

यशोवर्धन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

“उन्हात उभी असेल गं पोर. तिला आत आण.”

“आणते.”

“नक्की?”

तिनं मनगटावरच्या त्यांच्या हातावर आपला तळवा ठेवला. “नक्की.”

अप्पांनी हात सोडला. ती उठली, दाराशी जाऊन चपला पायात घातल्या.

“अक्का, कुठं निघालीस?”

तिनं दार ढकललं. पवित्रानं पेन कागदावरून उचललं आणि तसंच धरून ठेवलं. बागेच्या टोकाला फाटक उन्हात तापत होतं. डोक्यावर पदर घेऊन भाग्यलक्ष्मी त्याच्याकडे चालू लागली.