वरच्या फळीवरची रायफल

ओइवा केट्टुनेनची रायफल अडकत नसे. फिनलंडमधल्या अख्ख्या सावो भागाला हे पाठ होतं, कारण ओइवाने सांगायचं कुणाला बाकीच ठेवलं नव्हतं. बापाची, युद्धातली रायफल. गेल्या वर्षी नेमबाजी मंडळाच्या सामन्यात शेजारच्या पेंट्टीचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा सरकता दांडा, अडकला, तेव्हा हा गडी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "रायफल तरुण आहे रे पेंट्टी, हात म्हातारा झालाय."

मंडळाचा नियम असा, की ज्याचा बोल्ट उघडेना त्याने रायफल खाली ठेवायची आणि वाटाण्याच्या सुपाची पळी हातात घ्यायची. पेंट्टीने दिवसभर सूप वाढलं. ओइवाने दोनदा मागून घेतलं, वर मीठ कमी असल्याचंही सांगितलं.

आणि आता, सामना उद्यावर आलेला असताना, ओइवाचाच बोल्ट हलेना.

दोष प्रेमाचा होता. हिवाळ्याआधी त्याने रायफलीला इतकं ग्रीस चोपडलं होतं, की ते आत सुकून डिंकासारखं घट्ट बसलं. नळीत गज घालून ती रिकामी असल्याची त्याने खात्री केली. मग तळहाताने मारलं, बुटाने मारलं, शेवटी बर्च झाडाच्या ढलपीने ठोकलं. तळहात सुजला. बोल्ट जागचा हलला नाही.

"पेंट्टीला विचार ना," बायको राइली म्हणाली. "त्याचा सुटलाच की नंतर."

"त्यापेक्षा मी सूप वाढीन."

"मग वाढ. मीठ नीट घाल म्हणजे झालं."

ओइवाने पुन्हा ढलपी उचलली. उद्या गावापुढे नाक कापलं जाणार होतं. राइलीला जरा दया आली असावी.

"थिजलेली चरबी कुणी ठोकून काढतं का? सौना तापलाय. रायफलीलाही घेऊन जा."

लाकडी दस्ता काढून नुसतं लोखंड त्याने पंच्यात गुंडाळलं आणि सौनात, वाफेच्या त्या लाकडी न्हाणीघरात, सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे सगळ्यात जास्त धग असते तिथे, आडवं केलं. स्वतः शेजारी बसला. तेवढ्यात दार उघडलं आणि पेंट्टी आत आला. दर शनिवारी येतो तसाच. गडबडीत ओइवा हे साफ विसरला होता.

सौनात देवळात वागावं तसं वागायचं. भांडण आणि टिंगल दाराबाहेर. पेंट्टीने पंच्यातून डोकावणारी नळी पाहिली. फळीवरून ठिबकणारं तपकिरी ग्रीस पाहिलं.

"सरक जरा," तो म्हणाला, आणि तापल्या दगडांवर पाणी ओतून बर्चच्या ओल्या पानांच्या जुडीने पाठ झोडपू लागला.

बऱ्याच वेळाने ओइवाने ओल्या फडक्याने बोल्टची मूठ धरून वर उचलली. खट्. बोल्ट अलगद मागे आला.

"आणखी पाणी टाकू?"

"टाक."

बस्स, एवढंच बोलणं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

रविवारी सगळे मैदानात ओळीने उभे राहिले. अध्यक्ष कालेर्वोने रिवाजाप्रमाणे विचारलं, "रायफली ठीक?"

"ठीक," सगळे म्हणाले. पेंट्टी ढगांकडे बघत होता. तो कधी बोलेल याची वाट बघून ओइवाचा जीव मेटाकुटीला आला, आणि शेवटी तो स्वतःच पुढे झाला.

"माझी अडकली होती. काल सौनात सुटली. पेंट्टी, हात तुझा म्हातारा नव्हता रे, जीभ माझी लांब होती." एवढं बोलून त्याने रायफल खाली ठेवली, पातेल्याशी गेला आणि पळी उचलली.

कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. वारा ओळीवरून त्याच्याकडे वाहत होता, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की इतक्या रायफली उभ्या असून तेलाचा वास कुठेच नव्हता. येत होता तो धुराचा आणि बर्चच्या ओल्या पानांचा.

कालेर्वोने घसा खाकरला.

"वरच्या फळीवर ठेवली होतीस, की मधल्या?"

"वरच्या."

"तरीच. मधल्या फळीवर दोन शनिवार जातात."

पेंट्टी सावकाश चालत पातेल्याशी आला. ओइवाच्या हातातली पळी त्याने काढून घेतली आणि अध्यक्षांच्या हातात दिली.