सदुसष्ट नंबरचा अंगठा

"अहवाल सोमवारी जाईल," कावेरी मॅडम म्हणाल्या, "पण त्याआधी उद्या फॉर्म गावात वाचायचे. चावडीवर. सगळे."

समाजशास्त्र विभागाच्या खोलीत पंखा फिरत होता. प्रकल्प सहायक अवधूतच्या हातातलं बिस्किट चहात पडलं आणि परत वर आलं नाही.

"सगळे म्हणजे निष्कर्ष ना, मॅडम?"

"सगळे म्हणजे सगळे. एकशेवीस घरं, एकशेवीस फॉर्म, नाव घेऊन. गावानेच ग्रामसभेत तसा ठराव केलाय. म्हणाले, आजवर लय लोक विचारून गेले, काय लिहून नेलं ते कुणी सांगितलं नाही."

"पण मॅडम, हे नियमात बसतं का?"

"तू एवढा घाबरतोस कशाला? तूच तर भरलेत."

तिथेच तर घोळ होता.

नागरिकहो, हा प्रकल्प सरकारी निधीचा होता. म्हणजे तुमचा-माझाच. आपण काडेपेटी घेतली तरी जो कर भरतो, त्यातला. विषय होता ताडकळसजवळच्या धोंडटाकळी गावातलं बोअरचं पाणी आणि ते पिणाऱ्यांची हाडं. त्यासाठी विद्यापीठाचे तीन विभाग एकत्र आले होते. रसायनशास्त्राने पाणी तपासायचं, समाजशास्त्राने घरोघरी जाऊन विचारायचं आणि नाट्यशास्त्राने जे निघेल ते गावाला कळेल अशा आवाजात सांगायचं. एरवी हे तीन विभाग एकमेकांकडे चहासुद्धा पीत नसत.

रसायनशास्त्राचा निकाल आला: पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या तिप्पट. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की दात तपकिरी पडतात, गुडघे धरतात, कंबर वाकते. मग अवधूतचा निकाल आला: सत्तर टक्के घरांमध्ये कुणालाही कसलाच त्रास नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवल्यावर अर्थ निघाला की पाणी वाईट आहे, पण लोकांना मानवलंय. शुद्धीकरण यंत्र कुठल्या गावाला आधी द्यायचं, त्या यादीत धोंडटाकळी आता तळाला जाणार होती. रसायनशास्त्राच्या सरांनी तर नवा प्रस्तावच लिहायला घेतला होता, 'धोंडटाकळीकरांच्या मजबूत गुडघ्यांचं रहस्य'. त्यांचा संशय गावच्या ठेच्यावर होता.

रहस्य फक्त अवधूतला ठाऊक होतं. मे महिन्यात त्याने अडतीस घरं इमानदारीने केली. पाचव्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर गेला. मग त्याने कुणाकडून तरी गावाची एक जुनी मतदारयादी मिळवली आणि परभणीतल्या खोलीत कूलरसमोर बसून उरलेले ब्याऐंशी फॉर्म एकट्याने भरले.

काम त्याने मन लावून केलं, हे मान्य करायला हवं. तीन रंगांची पेनं वापरली. काही फॉर्म डाव्या हाताने लिहिले. दहा-बारांवर चहा सांडला, चारांना घडी घातली, एकावर हळदीचं बोट लावलं. प्रश्न आला अंगठ्यांचा. हातांची दहा बोटं वळवून-वळवून वापरली, तरी मधले-मधले बावीस फॉर्म उरले. तेव्हा त्याने खाली पायांकडे पाहिलं.

एवढे कष्ट त्याने गावात घेतले असते, तर काम दोन दिवस आधी संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला चावडीसमोर सगळं गाव बसलं होतं. जून निम्मा झाला होता, पण ऊन मेमधलंच होतं. कावेरी मॅडम खुर्चीवर, त्यांच्याशेजारी अवधूत, आणि मध्ये फॉर्मचा गठ्ठा घेऊन नाट्यशास्त्राचा योगीराज. या योगीराजला कुठलाही कागद साधा वाचता येत नसे. एसटीचं तिकीटसुद्धा तो पल्लेदार आवाजात वाचायचा.

पहिले अडतीस फॉर्म सुरळीत गेले. गुडघे धरलेत? आहेत. दात तपकिरी? आहेत. ज्याचं त्याचं नाव आलं की तो मान हलवायचा. "बराबर लिवलंय पोरानं," कुणीतरी म्हणालं. अवधूतच्या पाठीवरून घामाची धार निघाली आणि कमरेपाशी थांबली.

"फॉर्म क्रमांक एकोणचाळीस!" योगीराज गरजला. "आश्रुबा! वय अडुसष्ट! दात मजबूत आणि पांढरेशुभ्र!"

आश्रुबा पुढेच बसले होते. त्यांनी तोंड उघडून चहूकडे दाखवलं. आत एकही दात नव्हता.

"चांगली खबर हाय," ते म्हणाले. "कुटं ठिवलेत ते बी लिवलंय का बगा."

गाव हसलं. अवधूतही हसला, सगळ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ.

"लिहिताना ओळ खाली-वर झाली असेल," तो म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वहीत एक खूण केली.

"फॉर्म क्रमांक त्रेपन्न! परमेश्वर! विवाहित! अपत्ये तीन! सर्व निरोगी!"

बायकांतून चांगुणाबाई उठल्या. "आरं परमेश्वरा! तीन लेकरं झाली अन् आईला पत्त्या न्हाई?"

"आई, आपुन परवाच पोरगी बगून आलो की! तू बी होतीस!"

"मंग ह्या लेकरांची आई कोन?"

"मला काय म्हाईत! त्या सायबाला इचार!"

हसता हसता म्हातारी माणसं खोकू लागली. मॅडमची सातवी खूण झाली. अवधूतने गठ्ठ्याकडे पाहिलं. अजून सदुसष्ट फॉर्म शिल्लक होते. वीज जावी असं त्याला वाटलं, पण योगीराज विजेवर चालत नव्हता.

"फॉर्म क्रमांक सदुसष्ट! सिताराम! वय एकाहत्तर! रोजचं पाणी आठ ग्लास! गुडघेदुखी, नाही! चालताना त्रास, अजिबात नाही! शेरा: रोज सकाळी फिरायला जातात!"

या वेळी कुणीच हसलं नाही. एक बाई पदर डोक्यावर ओढत सावकाश उभी राहिली. या सरजाबाई. सिताराम यांच्या मालकीणबाई.

"बापू," त्या अवधूतला म्हणाल्या, "तू त्यांला कुटं भेटलास?"

"घरी, आजी. आलो होतो ना मी."

"कवा?"

"मे महिन्यात."

"ह्याच मे म्हैन्यात?"

"हो."

"बरे हायेत का?"

अवधूतला प्रश्न कळला नाही. बाकी सगळ्या गावाला कळला होता.

"न्हाई, मरून तीन वरसं झाली त्यांला," सरजाबाई म्हणाल्या. "मला एकदा बी भेटले न्हाईत. तुला भेटले, म्हनून इचारायले. फिरायला जायलेत म्हन. जिते होते तवा शेवटची दोन वरसं खाटंवरून उठवायला दोन मानसं लागायची. गुडघे लाकडावानी झाले होते. आता बरे झाले असतील तर चांगलंच हाय."

योगीराजचा आवाज पहिल्यांदाच साधा झाला. "आजी, कागद बघता का?"

त्यांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. शेवटी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"अंगठा," अवधूत म्हणाला.

"त्यांनी उभ्या जल्मात अंगठा दिला न्हाई. सातवी पास होते. रेशनच्या दुकानात अंगठ्याची मशीन आली तवा, मी सही करनार, मशीनवर जागा दावा म्हनून तासभर भांडले होते. मंग हा अंगठा कुनाचा?"

अवधूतकडे चार खोटी उत्तरं तयार होती. घर चुकलं, नाव चुकलं, शेजाऱ्याने सांगितलं, उन्हात भोवळ आली. चारही तोंडापर्यंत आली. समोर ती बाई कागद दोन्ही हातांत धरून उभी होती, जपून, जणू खरोखरच नवऱ्याचा निरोप आला असावा.

"अवधूत," मॅडम म्हणाल्या, "त्यांनी विचारलंय. उत्तर दे."

"माझा," अवधूत म्हणाला. मग मान खाली घालून त्याने ते पूर्ण केलं. "माझ्या पायाचा."

पायाचा! मेलेल्या माणसाच्या नावावर पायाचा अंगठा! चावडीसमोर एकदम गलका उठला. मागे कुणीतरी चप्पल काढली. आश्रुबा ओरडले, "धरा रे त्याला!"

"बसा खाली!" सरजाबाईंचा आवाज योगीराजपेक्षा मोठा निघाला. "मारून काय भेटनार? माजं बोलनं होऊ द्या."

त्या अवधूतजवळ आल्या.

"लेकरा, मत मागायला, घरं मोजायला लय येतेत. पन तुमाला काय दुकतंय, हे इचारनारा कागद सरकारनं पहिल्यांदाच धाडला. अन् त्याचं उत्तर बी तूच दिलंस! आमी खोटं बोललो असतो तर आमचं पाप होतं. तू आमच्या तोंडानं खोटं बोललास. आता यंत्र दुसऱ्या गावाला जाईल. हितली पोरं त्येच पानी पितील. त्यांचे गुडघे धरले तर कागद काय म्हनंल? ह्यांनीच सांगितलं, त्रास न्हाई म्हनून!"

"ऊन लय होतं, आजी."

"होतं की. मी ताक दिलं असतं. पाय लावायचाच होता, तर माज्या उंबऱ्याला लावायचास बाबा. कागदाला कामून लावलास?"

अवधूतने आपल्या बुटांकडे पाहिलं. स्वच्छ होते. धोंडटाकळीची धूळ त्यांच्यावर आज सकाळचीच काय ती.

"मॅडम," तो म्हणाला, "एकोणचाळीसपासून पुढचे सगळे खोटे आहेत. ब्याऐंशी. ठेच्याचा काही संबंध नाही."

मॅडमनी वही मिटली. "मी तुझ्याबरोबर एकदाही गावात आले नाही. विभागात बसून तुझ्या प्रत्येक फॉर्मवर सही केली. माझ्या सह्या हाताच्या होत्या, एवढाच फरक." मग त्या गावाकडे वळल्या. "अहवाल सोमवारी जाणार नाही. का जाणार नाही, ते मी खरं लिहून कळवीन. आणि अवधूत, प्रकल्पातून तुझं नाव निघेल."

"निघू द्या. पण हे फॉर्म मला भरू द्या."

"मी सोबत येईन," मॅडम म्हणाल्या.

परवानगी मॅडमनी द्यायची नव्हती, हे अवधूतला उशिरा कळलं. त्याने सरजाबाईंकडे पाहिलं.

"ये," त्या म्हणाल्या. "बूट भाईर काड."

पहिलं घर त्यांचंच झालं. त्यांनी ताक दिलं. ते देताना त्या भिंतीला धरून उठल्या, हे अवधूतने पाहिलं आणि लिहिलं. प्रश्नांना दीड तास लागला, कारण खऱ्या उत्तरांना वेळ लागतो. सिताराम यांच्या नावापुढे त्याने लिहिलं: 'मयत. माहिती पत्नीने दिली.' मग शाईचा डबा पुढे केला.

सरजाबाईंनी तो बाजूला सारला आणि पेन मागितलं.

"त्यांनी शिकिवलीय," त्या म्हणाल्या.

पाच अक्षरांची सही व्हायला चार मिनिटं लागली. अवधूतने घड्याळ पाहिलं नाही.

ब्याऐंशी घरांना अकरा दिवस लागले. एकशेवीसपैकी त्र्याण्णव घरांत कुणाचे तरी गुडघे, कंबर किंवा दात गेलेले निघाले. परमेश्वर अविवाहित निघाला. ठेचा निर्दोष सुटला. धोंडटाकळीचं नाव यादीत वर सरकलं आहे. यंत्र अजून यायचं आहे. अवधूतचं नाव अहवालात नाही, आणि ते योग्यच आहे.

नागरिकहो, आपल्या निधीतून होणारं संशोधन, मग ते पाण्याचं असो, गाण्याचं असो की माणसांचं, कुठल्या विभागाच्या कपाटातली वस्तू नाही. ती आपली साक्ष आहे. तुमच्या दारी कुणी विचारायला आलं तर त्याला पाणी द्या, खरं सांगा आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावा. आणि विचारणारे तुम्ही असाल तर कूलर बंद करून निघा, उंबऱ्यापर्यंत जा. न विचारता लिहिलेलं उत्तर जिवंत माणसाचं तोंड बंद करतं, आणि आयुष्यभर ताठ सही करत आलेल्या माणसाला मेल्यावर अंगठेबहाद्दर करतं.