चमचा पुढे द्या

मी एक लाकडी चमचा बोलतोय. हसू नका. चमचा असलो तरी आजवर कुणाची चमचेगिरी केलेली नाही.

दाराची चौकट करून उरलेल्या तुकड्यातून एका सुतारानं मला घडवलं. एका ताईंनी विकत घेतलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मी सुखानं ढवळत होतो. एकदा त्या फोनवर बोलत बसल्या आणि मी कढईतच राहिलो. माझी एक कड काळी आहे ना, ती तेव्हाची. बोलणं कुठे थांबवावं हे भल्याभल्यांना कळत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

या ताई स्वमग्न मुलामुलींचा आणि मोठ्या माणसांचा एक गट चालवतात. ओळख कशी करून घ्यायची, गप्पा कशा मारायच्या, नको असेल तर 'नाही' कसं म्हणायचं, हे सगळे मिळून तिथे करून बघतात. एकदा गटानं सूप करायचं ठरवलं म्हणून मीही गेलो. मीठ किती घालायचं यावरून सगळे एकदम बोलू लागले. ताईंनी मला पातेल्यातून उपसून वर धरलं. "ज्याच्या हातात चमचा, तोच बोलेल!" सूप अळणी झालं, पण मी तिथलाच होऊन गेलो.

गटातला शिट्टी माझा लाडका. तिशीचा, उंच. बोलण्याआधी हळूच शिट्टी वाजवतो, म्हणून हे नाव त्यानं स्वतःच घेतलेलं. त्याला वाचनालयात नोकरी हवी होती, अगदी मनापासून. पण समोरच्याचं बोलणं संपलं कधी, हे त्याला उमगायचं नाही. आधीच्या दोन्ही मुलाखतींतून तो एक शब्दही न बोलता परत आला होता.

तिसऱ्या मुलाखतीची तयारी गटात झाली. ताई मुलाखत घेणाऱ्या साहेब बनल्या, मी इकडून तिकडे फिरलो आणि शिट्टी झकास बोलला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात गटातल्या सगळ्यात लहान मुलीनं, जिला सगळे बाईसाहेब म्हणतात, मला मागून घेतलं.

"तिथे चमचा असणार आहे का?"

ताई गडबडल्या. "तिथे ना... समोरचे थांबले की बोलायचं."

"थांबले म्हणजे किती थांबले?"

शिट्टीनं तिच्या हातातून मला घेतलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं.

मुलाखतीच्या दिवशी मी शिट्टीच्या पिशवीत होतो. समोर वाचनालयाच्या मॅडम आणि शेजारी त्यांचे मदतनीस. मॅडम प्रश्न विचारत आणि उत्तरही आपणच देऊन टाकत. शिट्टीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. माझा जीव टांगणीला लागला. हीही नोकरी गेली, असंच वाटलं. मग पिशवीची चेन उघडली आणि मी थेट टेबलावर!

"बोलणं संपलं कधी, ते मला कळत नाही," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "आमच्याकडे हा ज्याच्या हातात, तो बोलतो. झालं की पुढे देतो. आधी तुम्ही."

आता हसणार हे लोक, मी मनात म्हटलं. पण मॅडमनी मला उचललं. "इथेच का काम करायचंय तुम्हाला? म्हणजे शांत जागा आहे म्हणून, की घराजवळ..."

शिट्टीनं हात पुढे केला. मॅडम ओशाळून हसल्या आणि मला त्याच्या हातात दिलं.

हलकीशी शिट्टी वाजली. मॅडमनी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं," शिट्टी म्हणाला, "की ते असून नसल्यासारखं होतं. मला ते शोधून जागेवर ठेवायला आवडतं."

बोलून झाल्यावर त्यानं मला मदतनिसांच्या हातात दिलं. कारण त्यांचं बोलणं राहिलं होतं ना!

मदतनिसांनी घसा साफ केला. "मॅडम, कधीपासून सांगायचं होतं. मागची कपाटं बघवत नाहीत. यांनाच घ्या."

शिट्टीला नोकरी लागली. मी आता तिथल्या टेबलावर पेनांच्या भांड्यात उभा असतो, आणि बैठक सुरू झाली की मॅडम आधी मला शोधतात. गटात ताईंनी नवा चमचा आणलाय. गुळगुळीत आहे म्हणे. असू दे. कधीकधी सुपाची आठवण येते, पण माझं उत्तम चाललंय.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. बोलून झालं की मला पुढे द्या. आणि ज्याच्या हातात द्याल तो लगेच बोलला नाही, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. तो शिट्टी वाजवून घेत असेल.