कंट्रोल-बी कुणाची?

आमच्या घरात भांडणं होत नाहीत, ही आमची जुनी अडचण आहे.

बायको पुस्तकांच्या शब्दसूची करते, सून भाषांतरं. संगणक एक, दोघी आळीपाळीने बसतात. माउसला दोघीही शिवत नाहीत. सुनेने नुकताच पडद्याचे तुकडे पाडणारा प्रोग्राम बसवलाय. एका तुकड्यात तिचं भाषांतर, दुसऱ्यात सासूची सूची.

त्या दिवशी चार वाजता प्रकाशकाचा फोन आला. ऐनवेळी आठ पानांची प्रस्तावना घुसली होती. सूचीतले नऊशे पानक्रमांक आठाने पुढे सरकवायचे. पाचपर्यंत आली तर ठीक, नाहीतर पुस्तक सूचीविना छापणार. वर्षभराची मेहनत.

तशी एका हुकुमाची बाब. बायकोने कंट्रोल-बी दाबून एन दाबलं. आकडे जागच्या जागी, समोर सुनेचं भाषांतर. हुकुमाआधी कंट्रोल-बी दोन्ही प्रोग्रामना लागते, सूचीच्याही आणि तुकडे पाडणाऱ्याही; सूचीचा आत चालतो, म्हणून बाहेरचा ती दारातच गिळतो आणि एन म्हणजे 'पुढचा तुकडा' समजतो.

"तिचं कशाला बिघडवा?" म्हणत बायकोने आपल्या सूचीच्या प्रोग्रामची कळ बदलून कंट्रोल-ए केली आणि पाणी प्यायला गेली.

तेवढ्यात सून आली, तिने पडदा बघितला. "बाबा, माझ्यामुळे आईंचं अडलं हो," म्हणाली, आणि तिनेही आपल्या प्रोग्रामची कळ गुपचूप कंट्रोल-ए केली.

बायको परतली. कंट्रोल-ए, एन. पुन्हा भाषांतर. माझंच चुकलं म्हणत ती बी-वर परतली आणि प्रुफं आणायला उठली. सुनेने येऊन पाहिलं, हळहळली, तीही बी-वर परतली. अरुंद बोळात दोन सभ्य माणसं समोरासमोर आली की असंच होतं.

पावणेपाच झाले. शेवटी मीच पुढे झालो. दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं.

"तुमच्यापैकी एकीने जरा उद्धट व्हा," मी म्हणालो.

"मी कशी होणार, बाबा?"

बायकोने चष्मा कपाळावर चढवला. "बी माझी. तू जा कुठे जायचंय तिथे."

सून घरात आल्यापासून अकरा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. सुनेचा चेहरा उजळला. "मग ए माझी. तिला हात लावायचा नाही, आई."

"लावला तर?"

"लावून बघा."

सुनेने कळ बदलली. बायकोने कंट्रोल-बी दाबली, मग एन. नऊशे आकडे एका दमात सरकले. दोघी एकमेकींचे दंड धरून नाचल्या. पाचला चार मिनिटं असताना सूची रवाना झाली.

आता पंखा दोनवर की तीनवर, यावरून रोज जुंपते. मला घरात करमायला लागलंय.