दारापेक्षा मोठा कूलर

फारूकभाईच्या घरचा कूलर दर वर्षी चैतात तयार व्हायचा आणि चैत संपायच्या आत घर सोडून जायचा.

भद्रावतीच्या बाजारामागच्या गल्लीत फारूकचं पत्र्याच्या कामाचं दुकान. होळी झाली की त्याच्या दुकानापुढे गावातले जुने कूलर येऊन पडत. कुणाची टाकी गळते, कुणाचा पंप बसलाय, कुणाचा पंखा नुसताच घरघरतो. ते सगळे बरे करता करता उरलेल्या पत्र्यातून फारूक एक कूलर स्वतःच्या घरासाठी उभा करी. तो दोन-तीन दिवस चाले, घरातली माणसं जरा हुशारतात न हुशारतात तोच दारात कुणीतरी येऊन उभं राही. एका वर्षी दम्याचा म्हातारा होता. एका वर्षी जुळी पोरं झालेली मास्तरीण होती. एका वर्षी ऐन रमजानात मशिदीतला कूलर जळाला, मग तर बोलायचीच सोय नव्हती. फारूक म्हणे, आपला दुसरा बनवू आठ दिवसांत. ते आठ दिवस पाऊस पडेपर्यंत संपत नसत. त्याच्या बायकोला, कमरजहाँला, याचा राग यायचा, पण दर वेळी कारण इतकं खरं असे की तिला भांडायलाही जागा उरत नसे.

फारूक कंजूष नव्हता, आळशी तर नव्हताच. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, एवढीच त्याची खोड. ज्या माणसानं गावाला थंड हवा दिली त्याच्या घरात टेबलफॅन फिरे आणि वरचा पत्रा दुपारभर तापून कडकड वाजे. त्यांची मुलगी आफ्रीन लहानपणी कूलर लागला त्या पहिल्याच दिवशी त्याच्या अगदी तोंडाशी चटई ओढून झोपायची. उद्याचा भरवसा कुणी धरायचा?

यंदा मात्र गोष्ट आफ्रीनचीच होती. तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कुणी मोडत नाही, आणि आफ्रीनचा जीवही वरोऱ्याच्या सासरहून आईकडे धावत होता. पण कमरजहाँ ईदला तिकडे गेली तेव्हा आफ्रीनच्या सासूनं शेवयांची वाटी हातात देत अगदी गोड आवाजात सांगितलं होतं की तुमच्याकडं पत्रा आहे, कूलर टिकत नाही असं पोरगी म्हणते, मे-जूनचा उकाडा पोटुशीला सोसायचा नाही. कूलर लागला तर कळवा, धाडतो. नाही तर इथंच करू, त्यात काय एवढं.

बाई चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या. म्हणूनच ते कमरजहाँला जास्त लागलं. ती थकली होती. वर्षभर गावाचे ब्लाऊज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे, उन्हाळ्यात नवऱ्याच्या कूलरांच्या भुशाच्या ताट्या भरून द्यायच्या आणि एवढं करून स्वतःची लेक गरमीपायी परक्या घरी बाळंत होणार, हे तिला पचत नव्हतं. आणि फारूकशी भांडून काही होणार नाही, हे ती लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात शिकली होती.

मग तिनं स्वतःच कंबर कसली. फॅक्टरीच्या कॉलनीत एक कुटुंब रिटायर होऊन गावाकडे निघालं होतं. त्यांनी अंगणात विकायचं सामान मांडलं होतं. तिथं तिला कूलरचा जुना पंखा मिळाला, आजकालच्या हलक्या पंख्यांसारखा नाही, दोन हातांनी उचलावा लागेल असा. त्या घरच्या बाईंनी मऊ झालेल्या सुती साड्यांचं एक गाठोडंही वर दिलं. दुपारी मशीनवर बसून कमरजहाँनं त्यातून लेकराची झबली बेतली. जुनं कापड नव्या अंगाला टोचत नाही. माजरीच्या भंगारवाल्याकडून लोखंडी पट्ट्या आल्या. पत्रा दुकानात होताच.

वाळा आणला बुधरीनं. बुधरी जंगलाकडच्या गावाहून आठवडी बाजाराला यायची, झाडू आणि मोहफुलं घेऊन. नाल्याकाठचा वाळा खणून आण, असं कमरजहाँनं तिला मागच्या बाजारी सांगून ठेवलं होतं. कूलरमध्ये सगळे लाकडाचा भुसा घालतात, पण वाळ्याची हवा वेगळीच, तिला घराचा वास येतो. बुधरी भारा टाकून तिथंच सावलीला बसली. मोहाचा हंगाम चालू होता, पहाटेपासून वेचून तिची कंबर धरली होती. उठताना बुधरीनं ओच्यातून मूठभर टेंभरं, तेंदूची पिकली फळं, काढून दिली, पोरीला आंबटगोड लागतील म्हणून.

मापामागचा बेत मात्र कमरजहाँनं कुणाला सांगितला नाही.

फारूक दुकानातून आला की कपडे शिवायची टेप त्याच्या हाती देऊन तिनं माप सांगितलं. त्या एका खोलीच्या घराला दोन दारं होती, एक गल्लीत, एक मागच्या अंगणात. दोन्ही अरुंद, दोन्ही पत्र्याची. खिडकीला गज. कमरजहाँनं आदल्या दिवशी तीच टेप दाराला लावून पाहिली होती आणि कूलरच्या लांबीत, रुंदीत, उंचीत सगळीकडं दाराच्या रुंदीहून चार-चार बोटं वाढवली होती. कूलर खोलीतच जोडायचा, अंगणाच्या दाराला पाठ लावून. बाहेरची कोरडी हवा पाठीमागून ओढेल आणि थंड हवा आत सोडेल. अंगणात जायला मग गल्लीतून वळसा घालावा लागला असता, तो तिला चालणार होता. कूलर एकदा आत उभा राहिला की कुणाच्या बापाला तो बाहेर काढता येणार नव्हता.

फारूकनं माप ऐकलं. एवढा मोठा कायले, असं विचारलं. बाळंतिणीच्या अंगावर हवेचा झोत नको, मोठ्या पंख्याची हवा दुरून सावकाश येते, असं तिनं सांगितलं. हे खोटं नव्हतं. दुकानात जागा नाही, गिऱ्हाइकांचे कूलर पडलेत, म्हणून इथंच जोडा. तेही खोटं नव्हतं. फारूकनं मान हलवली, पेन्सिल कानावर ठेवली आणि पत्रा कापायला बसला. पाठ दुखत होती म्हणून तो मधूनमधून भिंतीला टेके.

तीन संध्याकाळी ठोकाठोक चालली. फारूक रिवेट मारी, कमरजहाँ वाळा विंचरून जाळीत भरी आणि सुतळीनं शिवून ताटी घट्ट करी. दोघांचं फारसं बोलणं झालं नाही. दिवसभर दुसऱ्यांसाठी केलेलं काम घरासाठी पुन्हा करायचं म्हणजे उत्साह कुठून आणायचा? तरी चौथ्या दिवशी पाणी सोडलं, पंखा लागला आणि खोलीत ओल्या वाळ्याचा वास पसरला, तेव्हा फारूक हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. त्यानं तिथूनच वरोऱ्याला फोन केला. परवा जावई आफ्रीनला घेऊन येणार, असं ठरलं. कमरजहाँनं फोडणीला टाकलेली मोहरी करपली, तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अजय आला.

अजयची ओमनी होती, शाळेची पोरं ने-आण करायची. फारूकची आई अखेरच्या दुखण्यात पडली तेव्हा याच अजयनं तिला त्या ओमनीत निजवून चंद्रपूरला नेलं होतं. पैशाचं नावही त्यानं काढलं नव्हतं. त्याच्या घरी उद्या बहिणीचा साखरपुडा होता, घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि कूलर आज सकाळीच बंद पडला होता. सोबत दोन माणसं आणि ढकलगाडी घेऊनच तो आला होता. गावात सगळ्यांना माहीत होतं की फारूकभाईच्या घरी चैतात एक कूलर तयार असतो.

कमरजहाँ चुलीशी उभी होती. ती तिथून हलली नाही. आता नवरा 'उचला' म्हणणार, हे तिला ठाऊक होतं, आणि फारूक तसंच म्हणाला.

माणसांनी टाकी रिकामी करून कूलर उचलला, दाराशी नेला. सरळ बसेना, म्हणून आडवा केला. आडवा बसेना, म्हणून कुशीवर घेतला. दाराच्या चौकटीला पत्रा घासून आवाज झाला. एक जण म्हणाला, हा आत गेला कसा? मग अजयनं घाम पुसत साधा उपाय सांगितला, आणि या उपायाचा कमरजहाँनं विचारच केला नव्हता.

"रिवेट काढून घ्या ना, फारूकभाई. खोलून नेतो, तिथं जोडून द्या. तुमच्यासाठी काय अवघड हाये?"

काहीच अवघड नव्हतं. अर्ध्या तासाचं काम. छिन्नी समोरच्या फळीवरच पडली होती. फारूकनं कूलरच्या कडेवरून हात फिरवला, एकेका रिवेटवर बोट टेकवत. एवढा वेळ लावला त्यानं, की कमरजहाँला वाटलं आता छिन्नी उचलणार. तिला रडू आलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. लेकीला काय सांगायचं, याची जुळवाजुळव ती मनात करू लागली होती.

"नाई जमत, अजयभाऊ," फारूक म्हणाला. "रिवेट काढले का पत्रा फाटते. मंग तो जुळत नाई."

कमरजहाँनं या माणसाला हजार वेळा रिवेट काढून पुन्हा मारताना पाहिलं होतं. एकदाही पत्रा फाटला नव्हता.

फारूकनं अजयच्या खांद्यावर हात ठेवला, तुझा जुना दुकानात आणून टाक, अंधार पडायच्या आत चालू करून देतो, म्हणाला. आणि तसाच निघून गेला. भर उन्हात, जेवण ताटात सोडून. संध्याकाळी अजयच्या अंगणात कूलर चालू झाला तेव्हा फारूकला पाठ सरळ करता येत नव्हती. घरी येऊन तो पडून राहिला. कमरजहाँनं त्याची पाठ शेकली. मापाचं सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर दोनदा आलं आणि दोनदा तिनं ते गिळलं.

आफ्रीन आली ती घामानं निथळत, पाय सुजलेले. जावयानं सरबत घेतलं, कूलरला हात लावून पाहिला, आईला सांगतो म्हणाला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला. आफ्रीननं चटई ओढली, अगदी कूलरच्या तोंडाशी. आईनं ती पुन्हा हातभर मागे ओढली, झोत नको म्हणून. मग पोरगी कुशीवर निजली, टेंभरं चोखत, उशाशी नवी झबली घेऊन. पलीकडे खाटेवर फारूक डोळे मिटून पडला होता. पंखा संथ फिरत होता. खोलीत वाळ्याचा वास होता. कमरजहाँ भिंतीला टेकून बसली. किती वर्षांनी ती अशी कामाविना बसली होती, तिलाही आठवत नव्हतं.

"अम्मी," आफ्रीननं डोळे न उघडता विचारलं, "हा कवा नेणार हायेत?"

तिनं ते तक्रारीनं विचारलं नव्हतं. जशी लहानपणी विचारायची तसंच विचारलं, निजण्याआधी माहीत असावं म्हणून. पोटुशी पोर, एक संसार करून आलेली, आणि अजून बापाच्या घरची थंड हवा मोजूनच घेत होती.

ती पुढे सरकली आणि आफ्रीनच्या कानाशी हळूच बोलली. "हा नाई जात. मापात म्या चार बोटं वाढवले. दारातून निंघतच नाई. तुह्या अब्बाले नको सांगू."

आफ्रीन हसली, पोट धरून, आवाज न करता.

खाटेवरून फारूकचा आवाज आला. डोळे त्याचे मिटलेलेच होते.

"ते दार कोनं बनवलं, ते बी सांग तिले."

कमरजहाँ दाराकडे पाहत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानंच ते बनवलं होतं, ह्याच खोलीत, उरलेल्या पत्र्यातून. त्याची रुंदी त्याला टेपेशिवाय माहीत होती. माप ऐकलं तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं, आणि तरी तो तीन संध्याकाळी दुखऱ्या पाठीनं, एक शब्द न बोलता, दारापेक्षा मोठा कूलर ठोकत बसला होता.

"मले नाई म्हनता येत नाई, कमर," तो म्हणाला. "म्हनून केला तेवढा मोठा."

टाकीतलं पाणी खाली गेलं होतं, पंप कोरडा ओढू लागला होता. तिनं उठायला हात टेकला, तेवढ्यात फारूकच कण्हत उठला, बादली घेतली आणि गल्लीतून वळसा घालून मागच्या अंगणात पाणी आणायला गेला.