भवानीच्या आधी

"एवढ्यात नाही मिळायचं," लोआन म्हणाली आणि गोऱ्या बाईच्या मुठीतून रेशमाचं टोक सोडवून घेतलं. बाईला शब्द कळले नसावेत, पण हात कळला. तरी तिने कॅल्क्युलेटर पुन्हा आपल्याकडे ओढला, आकडा आणखी खाली आणला आणि हसून दाखवला. लोआनने आकड्याकडे पाहिलंच नाही. बाईच्या विजारीकडे पाहिलं. विजारीवर हत्तीच हत्ती होते. देशात उरले नसतील तेवढे हत्ती या बाजारात विजारींवरून चालत होते, आणि ते अंगावर चढवून आलेली बाई लोआनला रेशमाचा भाव शिकवत होती.

बाई गेली. जाताना चार ठाण विस्कटून गेली.

लोआनने स्टुलाखालून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, लायटरने पेटवला, दृष्ट काढावी तसा ठाणांवरून फिरवला, स्टुलाखालून फिरवला, आणि गल्लीत टाकून चपलेने विझवला. आत जाळ करायला बंदी आहे अशी पाटी नेमकी तिच्याच डोक्यावर टांगलेली होती. पण दिवसाची भवानी व्हायच्या आधी जे गिऱ्हाईक घासाघीस करून रिकाम्या हाताने जातं, ते आपलं जडपण दुकानात टाकून जातं. ते जाळून टाकलं नाही तर दिवसभर माश्या मारत बसायचं. हे सायगॉनच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि राखणदारालाही. अशा वेळी त्याला दुसऱ्याच गल्लीत काहीतरी दिसायचं.

समोरच्या दुकानातली आठवी चपला मांडता मांडता सगळं पाहत होती. तिला नाव होतं, पण या गावात माणसाला भावंडांतला नंबर चिकटतो तो मरेपर्यंत सुटत नाही. ही आठवी, लोआन चौथी. वर्षानुवर्षं समोरासमोर बसून दोघींनी एकमेकींची अब्रू काढून संपवली होती, त्यामुळे आता काहीही बोलायची मोकळीक होती.

"चौथीताई," आठवी हळूच म्हणाली, "खांबापाशी बघ."

लोआनने पाहिलं नाही. खांबापाशी कोण आहे ते तिला माहीत होतं.

काल संध्याकाळी आठवीनेच निरोप आणला होता. लोआनच्या मुलाची, क्वानची बायको गाईड होती; सकाळी ती आपले पाहुणे घेऊन बाजारात येईल. समोर येऊन एकदा 'आई' म्हणेल. लोआनने नुसतं 'हं' म्हणायचं, बाकी काही नको. तेवढंही झालं नाही, तर ती बाळंतपणाला दक्षिणेला, का-माऊला आपल्या आईकडे जाईल, आणि क्वान तिच्या मागोमाग. तिथे कोळंबीच्या तळ्यावर त्याला काम तयार आहे. आणि तिथल्या चिखलात एकदा पाय रुतला की माणूस काही शहरात परत येत नाही, हे आठवीने आपल्या पदरचं जोडलं होतं. लोआनचा क्वान एकुलता एक होता. नवरा जाऊन जमाना झाला होता.

पण गाईड म्हटलं की लोआनच्या कपाळाची शीर उठायची. हातात काडीला बांधलेलं फडकं, मागे घामेजलेल्या परक्यांचं लेंढार, आणि तोंडात पाठ केलेली चार वाक्यं. ही बाग, हे चर्च, हे पोस्ट, हा बाजार. ज्या शहरात आपण मर मर मरतो, ते हे लोक वाटीत काढून दुसऱ्याला चाखवतात. क्वानने असल्या एकीशी लग्न ठरवलं तेव्हा लोआन एवढंच म्हणाली होती की लग्नाच्या दिवशी दुकान उघडं राहील. आणि ठेवलं. मुलीचं नाव न्युंग, म्हणजे मखमल. 'नाव मखमल आणि सूत गोणपाटाचं' हे वाक्य लोआनने पुऱ्या गल्लीला वाटलं होतं, तेही फुकट.

ठाणाची घडी घालायच्या निमित्ताने तिने अखेर मान वळवली. मुलगी खांबाला टेकून उभी होती. पोट इतकं पुढे आलं होतं की कमरेची पिशवी त्याच्याखाली दिसेनाशी झाली होती. एका हातात पिवळं फडकं, दुसरा हात पोटाखाली, परडीतली भाजी सांडू नये म्हणून धरावा तसा. पाहुणे पलीकडच्या गल्लीत कॉफीच्या बिया हुंगत होते. ती एकटी इकडे बघत होती आणि जागची हलत नव्हती.

का हलत नाही ते लोआनला समजलं आणि तिची कानशिलं तापली. पोटुशी बाई दिवसाचं पहिलं पाऊल घेऊन आली तर धंदा जड जातो, असं या बाजारातल्या बायका मानतात. ती भवानी व्हायची वाट बघत होती. पहिली विक्री झाली की मगच दुकानाशी येणार होती.

हे लोआनच्या हिशेबात नव्हतं. पोरगी बेधडक पुढ्यात येऊन उभी राहिली असती तर सोपं होतं. वळण नाही म्हणून हाकलता आलं असतं. चिखलातल्या या पोरीला रीत कुणी शिकवली?

"एखादा रुमाल तरी विक कुणाला," आठवी म्हणाली. "पाय बघ तिचे, पावासारखे फुगलेत."

"मी नव्हतं बोलावलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलंच. गावातलीच बाई, बरोबर शाळेत जाणारी लेक. गणवेशाच्या झग्यासाठी पांढरं कापड हवं होतं. बाईने हात लावून पोत पाहिला, भाव विचारला आणि घासाघीस न करता पिशवी उघडली. अशी भवानी म्हणजे घरी चालत आलेली लक्ष्मी. लोआन म्हणाली की हे ठाण दुसऱ्याला ठेवलंय. बाईने दुसरं मागितलं. लोआनने लेकीला खालून वर न्याहाळलं आणि सांगितलं की हिचे खांदे पडलेत, हिच्या अंगावर रेशीम म्हणजे खुंटीवर टांगल्यासारखं, त्यापेक्षा नायलॉन घ्या, पलीकडे मिळतं. लेकीने मान खाली घातली. बाई लाल झाली आणि लेकीला ओढतच घेऊन गेली.

लोआनने कागद पेटवला.

मग एक पुरुष आला. बायकोसाठी काहीही द्या म्हणाला, कुठलाही रंग चालेल. लोआनने दुप्पट भाव सांगितला, वर ऐकवलं की ज्याला बायकोचा रंग माहीत नाही त्याने फुलं न्यावीत, ती सुकतात तरी. तोही गेला. पुन्हा कागद. गल्लीत काळ्या राखेचे तुकडे उडायला लागले.

"मुद्दाम करतेस तू," आठवी म्हणाली.

"माल माझा, दुकान माझं."

आणि खरंच, यात तिला एक गोड सूड सापडला होता. ना हाकलायचं, ना वाईट बोलायचं. फक्त भवानी होऊ द्यायची नाही. पोरीची रीतच पोरीला खांबाशी बांधून ठेवत होती. लोआन संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं परतवायला तयार होती. जिभेला धार होती, आणि गिऱ्हाइकांत खोड काढायला नेहमीच काहीतरी सापडतं.

आठवीने चपलांचे खोके बाजूला सारले आणि आपलं स्टूल उचलून खांबापाशी नेऊन ठेवलं. परत आली ती तोंडाला हात लावून हसत. लोआनला ऐकू जाईल अशा बेताने तिने शेजारणीला सांगितलं की पोरगी म्हणते, मावशी, बसले तर उठवायला चार माणसं लागतील, आणि माझे पाहुणे सगळे गुडघेदुखीचे. लोआनच्या ओठाचा कोपरा हलला. तिने तो ठाणाच्या मागे लपवला.

शेवटी पाहुण्यांतल्या एका लालबुंद म्हाताऱ्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवलं. पाहुणे कॉफीच्या पुड्या घेऊन जमले. मुलीने फडक्याची काडी काखेत धरली, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर बांधले आणि खांबापासूनच, लोआनच्या दिशेने मान लववली. घरातून बाहेर पडताना लेकरं मोठ्या माणसांना सांगून निघतात, तशी. ओठ हलले. शब्द इथवर पोचला नाही. मग ती वळली आणि तिच्या मागून ते लेंढार.

लोआनचा हात सवयीने कागदाकडे गेला. लायटर पेटला, कागदाने कड धरली.

"कुणामागे जाळतेस?" आठवीने चपलांवरची नजर न काढता विचारलं. "नातवंडामागे?"

कागद बोटापर्यंत जळत आला. चटका बसला तेव्हा लोआनने तो सोडला. ठाणांवरून फिरवला नाही.

मग उठली, ठाणांवर चादर ओढली, कडा खोचल्या.

"कुठे निघालीस?"

"संडासला."

"संडासला जाताना दुकान झाकतात होय?"

"तू तुझ्या चपला बघ."

ती गल्लीच्या टोकाला पोचली तेव्हा मागून आठवीचा आवाज आला. "आधी बाग, मग चर्च, मग पोस्ट. सगळ्या गाईडांची प्रदक्षिणा तीच."

बाहेर ऊन चटचटत होतं. स्कूटरींच्या लोंढ्यातून लोआन नाकासमोर चालत पलीकडे गेली. बागेत उंच झाडांखाली पुरुषमंडळी बर्फाची कॉफी पीत बसली होती आणि फांद्यांना त्यांच्या पक्ष्यांचे पिंजरे टांगलेले होते. आधी पक्ष्याला पिंजऱ्यात घालायचं, मग झाड दाखवायला बागेत आणायचं, आणि हे बघायला लोकांनी विमानाने यायचं. लोआन पिंजऱ्यांखालून वाकून गेली. पिवळं फडकं नव्हतं. एका म्हाताऱ्याने, पोटुशी ना, मघाच गेली, असं सांगितलं. सांगताना नजर बुलबुलावरच.

चर्चभोवती दुरुस्तीची लोखंडी परांची बांधलेली. लोक त्या परांचीचेच फोटो काढत होते. एक नवरी झग्याचा घोळ उचलून धूळ चुकवत उभी होती. लोआनने जाता जाता कापड ओळखलं, भिकार सॅटिन. पुढे चौकात कबुतरं होती. क्वान लहान असताना रविवारी त्याला इथे आणायची, तो हाताच्या ओंजळीत तांदूळ घेऊन पुतळ्यासारखा उभा राहायचा. हे आठवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ती त्यांच्या मधून गेली, कबुतरं फडफडून बाजूला झाली.

पोस्टाच्या पायरीवर मुलगी बसली होती. बूट काढून बाजूला ठेवलेले, टाचांवर वळ. पाहुणे नारळपाण्याच्या गाडीभोवती. समोर सावली पडली तेव्हा तिने वर पाहिलं आणि धडपडत उठायला लागली. पोट आडवं आलं. पायरीला हात टेकून, कुशीवर होऊन ती कशीबशी उभी राहिली. लोआनचे हात पुढे आले होते, ते तिने कोपरापाशीच आवरले.

"आई," मुलगी म्हणाली.

'हं' एवढाच शब्द म्हणायचा होता, तो काही लोआनच्या तोंडातून निघेना. दुसरेच निघाले.

"पोस्ट बघायचं म्हणे. यांच्या देशात पत्रं येत नाहीत?"

"येतात. पण असं छत नाही म्हणतात."

"छत काय चाटायचंय? आणि हे असले पाय घेऊन तासभर उभी कशाला राहिलीस? स्टूल दिलं होतं ना तिने."

"तुमची भवानी झाली नव्हती."

"झालीच नाही," लोआन म्हणाली. "दुकान झाकून आलेय."

मुलगी बूट पायात सरकवायला लागली. टाच आत जाईना. लोआन खाली वाकली, बुटाची मागची कड बोटाने ओढून धरली, टाच आत बसली. दोघींपैकी कुणीच एकमेकींकडे पाहिलं नाही.

"का-माऊला दवाखाना तरी धड आहे का?" लोआनने बुटाकडे बघतच विचारलं.

"आहे. तालुक्याला."

"तालुक्याला," लोआन म्हणाली, कुणी नायलॉनला रेशीम म्हणावं आणि तिने ते परत उच्चारून दाखवावं तशी. मग उभी राहिली. "तिकिटं काढलीत?"

"नाही अजून. क्वान म्हणाले, तू आधी बाजारात जाऊन ये."

तिकडे लालबुंद म्हाताऱ्याने पुन्हा घड्याळ दाखवलं. मुलीने पाहुण्यांना हाक मारली. नारळ टाकून, टोप्या सारख्या करून ते दाराशी रांगेत उभे राहिले. कुठे जावं ते न सुचून लोआन रांगेच्या शेपटाशी सरकली आणि लाल मानेच्या एका बाईमागे उभी राहिली.

आत शिरण्यापूर्वी कुणी मागे राहिलं नाही ना हे बघायला मुलगी हवेत बोट टेकवत माणसं मोजायला लागली. बोट एकेका टोपीवरून पुढे सरकत आलं, लाल मानेच्या बाईवरून लोआनवर आलं आणि थांबलं. लोआनने हनुवटी वर केली, घामाने चिकटलेले केस कानामागे सारले. मुलीचे ओठ हलले. तिने लोआनला मोजलं, मग वळून जड पावलांनी दारातून आत गेली.